कोल्ह्यापुढे धावणारी कुत्री

माझं लग्न नव्याण्णव सालचं. त्यानंतर पाचव्या वर्षी, धान कापून झाल्यावर त्याच बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, पेरलेली लाखोरीची डाळ हिरवीगार झाली होती त्या दिवसांत, आमच्या गावात एक पिसाळलेला कोल्हा शिरला. पहिला चावा त्यानं माझ्या सासूचा घेतला.

माझं माहेर गोंदियाजवळचं आणि सासर अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, अगदी जंगलाला लागून. नवरा गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये कामाला होता. तो शनिवारी यायचा आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत जायचा. सासरे मी यायच्या आधीच वारले होते. घरात सासू, मी आणि माझी तीन वर्षांची मुलगी, आणि गोठ्यात दोन बैल, एक गाय, सहा शेळ्या.

त्या सकाळी सासू धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून लाखोरीची भाजी खुडत होती. कोल्हा मागून आला आणि त्यानं तिची पोटरी धरली. तिनं हातातलं टोपलं त्याच्या तोंडावर हाणलं तेव्हा सोडली. घरी आल्यावर ती रडली वगैरे नाही. खाटेवर बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिली, "पळाला नाई तो. मारलं तरी उभाच होता. हालून राहिला होता नुसता."

माणसाला पाहून कोल्हा पळत नाही म्हणजे काय, ते मला कळत होतं. मी तिची पोटरी धुतली, फडकं बांधलं, मुलीला शेजारी ठेवलं आणि दहाच्या एसटीनं तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फडकं सोडायला लावलं, नळाखाली पाय धरून साबणानं पाव तास धुवून घेतला. जखम बांधायची नाही, म्हणाले. इंजेक्शनं सुरू केली, तारखा एका कागदावर लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की एकही तारीख चुकता कामा नये. हा रोग एकदा दिसायला लागला की त्यावर औषध नाही. तो कागद मी पोलक्यात ठेवला. पुढचा महिनाभर कुठंही असले तरी मध्येच हात लावून पाहायचे, आहे ना म्हणून.

दुपारी परत आलो तोवर कोल्ह्यानं एक म्हैस आणि एक शेळी चावली होती आणि तो बोडीच्या काठावरच्या बेशरमाच्या झुडपांत जाऊन बसला होता. बोडी म्हणजे आमचं गावाजवळचं लहान तळं. तिच्या एका अंगाला बेशरमाचं असं रान माजलेलं की आत बैल शिरला तरी दिसू नये. दुसऱ्या अंगाला पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, शाळा, आणि शाळेला लागून अंगणवाडी. माझी मुलगी तिथंच जायची.

जंगलखात्याचा नाकेदार, म्हणजे आमच्या बीटाचा वनरक्षक, सायकलवर आला. माणूस चांगला होता. त्यानं लांबून पाहिलं, वर निरोप पाठवला आणि सांगितलं, पिंजरा घेऊन माणसं येतील, पण दोन दिवस तरी लागतील. तोवर लेकरं घरात ठेवा, कोणी मारायला जाऊ नका. त्याच्या हातात एक काठी होती. एकटा माणूस याहून जास्त काय करणार होता?

दुसऱ्या दिवशी शाळा बंद राहिली. बोडीवर कोणी पाण्याला गेलं नाही. सकाळी कोल्हा दोनदा बाहेर आला, पाळीवर तिरपा तिरपा चालला, शाळेच्या भिंतीला अंग घासून परत आत गेला. माझी मुलगी दाराच्या फटीतून बाहेर जायला बघत होती. मी दाराला आतून मुसळ लावलं. सासू खाटेवरून विचारायची, "गेला का?" आणि मी प्रत्येक वेळी म्हणायची, "नाही."

शेवटी मी दादाकडे गेले.

दादा म्हणजे गावाच्या टोकाला, जंगलाच्या बाजूनं राहणारा गोंड म्हातारा. तसा फार म्हातारा नव्हता, पण बायको वारल्यापासून सगळे त्याला म्हातारा म्हणायचे. जंगलखात्याच्या रोजंदारीवर जायचा, उन्हाळ्यात वणवा अडवायला जाळरेषा कापायचा, पावसाळ्यात रोपं लावायचा. तरुणपणी त्यानं बापाबरोबर शिकार केली होती. ती बंद होऊन जमाना झाला होता, पण कुत्री शिकवण्याची त्या घरची रीत त्याच्यापाशी उरली होती. त्याच्याकडे एक तांबूस कुत्री होती, बारीक अंगाची, एका कानाचं टोक फाटलेली. तो तिला नुसतं "पोरी" म्हणायचा. आमच्याकडची उरलेली पेज मी रोज तिला नेऊन घालायची.

ती कुत्री काय करायची ते मी एकदा पाहिलं होतं. आदल्या वर्षी कोल्ह्यांनी आमचं शेळीचं पिल्लू नेलं तेव्हा दादा तिला घेऊन आला होता. त्यानं बारीक शीळ घातली की ती झुडपात शिरायची, कोल्ह्याला डिवचायची आणि उलटी फिरून पळायची. पण अशी, की कोल्ह्याला वाटावं, आता पकडलीच. पाच-सहा हातांचं अंतर ठेवून ती त्याला सरळ दादापर्यंत आणायची. दादा तिथं डबडं बडवायचा, आणि भ्यालेले कोल्हे महिनाभर त्या बाजूला फिरकायचे नाहीत. आधीच्या काळी या ठिकाणी डबड्याऐवजी जाळं आणि कुऱ्हाड असायची, एवढाच फरक.

मी त्याला म्हटलं, तिला घेऊन चल. तो सरळ नाही म्हणाला. निरोगी कोल्हा कुत्रीला चावला तर जखम बरी होते, हा चावला तर तिला मलाच मारावं लागेल, असं त्यानं सांगितलं. शिवाय जंगलखात्याची रोजी खाणारा माणूस, शिकवलेलं कुत्रं घेऊन कोल्ह्यामागे लागला असं कोणी वर सांगितलं, तर उद्यापासून कामावर कोण ठेवील? त्याचं दोन्ही म्हणणं खरं होतं. मी तिथून उठायला पाहिजे होतं. मी उठले नाही. अंगणवाडीचं सांगितलं, सासूच्या पोटरीचं सांगितलं, त्याच भिंतीला कोल्हा अंग घासून गेला ते सांगितलं. तो बराच वेळ कुत्रीच्या पाठीवर हात फिरवत बसला.

मग म्हणाला, "माह्यासंगं कोण येते?"

गावातले बाप्ये पाळीवरून बघायला तयार होते, खाली उतरायला कोणी नाही. मी म्हटलं, मी येते.

"तं मग एक आयक," तो म्हणाला. "तू फकत उभी राय. तो तुयाकडं आला तरी हलू नको आन् बोंबलू नको. पोरी माह्याकडंच आणते त्याले. पण मानूस ओरडला का पोरी माघारी फिरते. मंग काही खरं नाई."

तिसऱ्या दिवशी सकाळचे नऊ वाजले असतील. बेशरमाच्या समोरच्या बांधीत तो धुऱ्याआड बसला, हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा. मला त्यानं वीस पावलांवर, दुसऱ्या धुऱ्यावर उभं केलं आणि बांबूची काठी दिली. पायाखाली लाखोरी ओली होती. त्यानं शीळ घातली आणि कुत्री बेशरमात दिसेनाशी झाली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. आत एकदा फांद्या हलल्या, मग एक गुरगुर, आणि कुत्री बाहेर आली. तिच्या मागे तो. मला वाटलं होतं तेवढा मोठा नव्हता. तोंडातून लाळ लोंबत होती, मागचे पाय एकमेकांत अडकत होते, तरी तो धावत होता. कुत्री मागे वळून बघत, वेग कमी करत, त्याला दादाकडे आणत होती. आणि निम्म्या वाटेत त्यानं तिचा नाद सोडला. तो थांबला, डोकं हलवलं आणि वळून माझ्याकडे निघाला.

मी हलले नाही. पण ओरडले. ओरडायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

कुत्री तिथल्या तिथं फिरली. दादानं जीभ टाळूला लावून टक्टक् केलं, परत ये म्हणून. तो आवाज ऐकून ती कधी थांबली नाही असं झालं नव्हतं, ते त्या दिवशी झालं. तिनं कोल्ह्याला माझ्यापासून चार हातांवर मानेला धरलं. दोघं लोळले. मी काठी घातली, ती कुणाला लागली देव जाणे. दुसरी घातली ती कोल्ह्याच्या पाठीवर बसली. तोवर दादा पोचला होता. त्याच्या दांड्याच्या दोन घावांत सगळं संपलं.

पाळीवरचे लोक खाली यायला लागले. दादानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यानं कुत्रीला मागच्या मागे दोरी लावली आणि तिचं तोंड लांबूनच पाहिलं. वरचा ओठ फाटला होता, दोन ठिकाणी.

मी तिला आमच्या गोठ्यात नेलं. का ते सांगते. नाकेदार तासाभरात येणार होता आणि तिला दादाच्या दारात ओठ फाटलेली पाहिली असती तर विचारायला काही उरलं नसतं. गोठ्यात मी तिला खांबाला आखूड बांधलं, लुगड्याचं धुडकं हाताला गुंडाळलं आणि साबणाची वडी घेऊन तिचा ओठ धुवायला लागले. दवाखान्यात पाहिलं होतं तसंच, पाव तास, तांब्यानं पाणी ओतत. तिनं दात दाखवले नाहीत. सासू दारात उभी राहून म्हणत होती, हात नको लावू, तुझ्या बोटांना विळ्याचे काप आहेत. ते मला धुऊन झाल्यावर दिसलं. धुडकं भिजून पार झालं होतं.

नाकेदार आला, पंचनामा झाला. कोणी मारला, त्यानं विचारलं. बोडीवर पन्नास माणसं होती, कोणी बोललं नाही. मी म्हटलं, तो माझ्या अंगावर आला, मी काठीनं मारला. दादानं मदत केली. जीव वाचवायला मारलं तर गुन्हा नाही, एवढं मला बारावीपर्यंत शिकल्यामुळे माहीत होतं. त्यानं लिहून घेतलं. मग विचारलं, "संगं कुत्रं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

सही केली तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं. कोल्ह्याला त्यांनी तिथंच लाकडं रचून जाळलं.

त्याच दुपारी मी परत तालुक्याला गेले आणि माझीही इंजेक्शनं सुरू झाली. आता पोलक्यात दोन कागद होते. आणि तिसरा नव्हता, ही गोष्ट मला एसटीत बसल्या बसल्या टोचत होती. कुत्रीला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं तर तिथं रजिस्टरात लिहावं लागणार, कुणी चावलं, कधी, कुठं. म्हणजे मी सही करून खोटं बोलले ते उघडं पडणार आणि दादाची रोजी जाणार. न न्यायचं तर ती पिसाळणार. आणि ती आमच्या गोठ्यात होती, माझ्या मुलीपासून एका भिंतीच्या अंतरावर.

परत आले तर दादा गोठ्याच्या दारात उकिडवा बसला होता. शेजारी कुऱ्हाड, या वेळी पात्यासकट.

"जंगलात घेऊन जाऊन राहिलो तिले," तो म्हणाला. "तुया घरी लेकरू हाये."

मी म्हटलं, एक दिवस थांब. उद्या आपण दवाखान्यात नेऊ.

"कागदावर येईन ना थे."

"येऊ दे."

त्यानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि कुत्रीला घरी घेऊन गेला. ती रात्र मी कशी काढली ते सांगण्यात अर्थ नाही. उजाडायच्या आत त्याच्या दारी गेले. कुत्री अंगणात बांधलेली होती, तिच्या तोंडाला त्यानं दोरीची मुसकी केली होती. तो टॉवेल डोक्याला बांधून जायला तयार बसला होता.

कुत्रीला घेऊन आठ किलोमीटर चालत तालुक्याला गेलो. गुरांचे डॉक्टर तरुण होते, बोलणं हिंदी वळणाचं, गोंदियाकडचे. त्यांनी विचारलं काय झालं. मी तोंड उघडलं आणि काय सांगावं ते ठरेना. दादानंच सांगितलं. माझी कुत्री, मी शिकवली, मी पाठवली, कोल्हा पिसाळलेला होता. एकही शब्द लपवला नाही. डॉक्टरांनी रजिस्टरात लिहिलं, "पिसाळलेल्या कोल्ह्याचा चावा," आणि पुढं काही विचारलं नाही. पण लस त्यांच्याकडे नव्हती. गोंदियाला मिळेल म्हणाले, आजच्या आज पाहिजे आणि बर्फात आणावी लागेल.

एसटीडी बूथवरून मी मिलमध्ये फोन लावला. नवऱ्याला तोवर सासूचं कळलं होतं, माझं नव्हतं. मी सगळं एका दमात सांगितलं. मग तो म्हणाला की तू वेडी आहेस, घरात लेकरू असताना तू तिथं उभी कशाला राहिलीस? मी म्हटलं, मग ओरड, पण लस घेऊन ये. त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळच्या गाडीनं तो आला. हातात मिलच्या मालकाकडून मागून आणलेला थर्मास, आत बर्फ आणि बर्फात कागदात गुंडाळलेल्या बाटल्या. मोरगावच्या स्टेशनवरून तो परस्पर गुरांच्या डॉक्टरांकडे गेला होता, त्यांना घरून उठवून सोबत घेऊन आला. माझ्याशी तो दोन दिवस बोलला नाही. कुत्रीला इंजेक्शन देताना मात्र तिच्या मागच्या पायांवर तोच वाकून बसला होता.

महिनाभरात पाच इंजेक्शनं झाली. सासूची झाली, माझीही झाली. डॉक्टर म्हणाले, आशा आहे, खात्री नाही. कधी दोन महिन्यांनीही निघतं. बांधून ठेवा, तोंडाजवळ हात नेऊ नका, पाणी पिते का बघत राहा.

ते बघत राहणं हेच मग माझं आयुष्य झालं. सकाळी उठले की आधी सासूला पाण्याचा तांब्या द्यायचा आणि ती गिळते का ते तिच्या नकळत पाहायचं. मग स्वतः एक घोट प्यायचा आणि घसा आवळतो का ते पाहायचं. मग भाताची पेज घेऊन दादाकडे. काठीनं भांडं सरकवून कुत्री पिते का बघत उभं राहायचं. ती प्यायची. माझ्याकडे बघून शेपूट हलवायची. दादा शेजारी बसलेला असायचा. त्या किंकाळीबद्दल तो मला कधी काही म्हणाला नव्हता आणि मला तेच सोसत नव्हतं.

मोहाची फुलं पडायला लागली होती तेव्हा एका सकाळी ती पाणी प्यायली नाही. भांड्याकडे गेली, तोंड घातलं आणि मान झटकून मागे सरली. लाळ गळत होती. पुन्हा गेली, पुन्हा मागे. माझ्या हातातली पेज सांडली. दादा उठून आत गेला आणि कुऱ्हाड घेऊन बाहेर आला. त्याचा चेहरा मला आजही नीट आठवतो, त्यावर काहीच नव्हतं.

मी त्याच्यापुढे उभी राहिले. संध्याकाळपर्यंत थांब म्हटलं. तो म्हणाला, तिला तसं हाल होऊन मरू देणार नाही. मग मी म्हटलं, जे इतके दिवस मनात होतं तेच, "दादा, मी ओरडले नसते तर ती फिरली नसती."

"तू ओरडली नसती तरी फिरली असती थे," तो म्हणाला. "रोज आमच्या दारी येत होती तू. तिच्या वळखीची होती."

खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून बोलला, ते मी ठरवू शकले नाही. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. मग मी नको नको म्हणत असताना त्यानं कुत्रीचं डोकं गुडघ्यांत धरलं, दोन्ही हातांनी जबडा फाकवला आणि आत बघितलं. वरच्या दाढांमध्ये आडवी, टाळूला टेकून, बांबूची चांगली बोटभर काडी अडकली होती. बांधून बांधून ती कुंपणाचा बांबू चावत होती. त्यानं ती ओढून काढली, थोडं रक्त आलं. कुत्री भांड्याकडे गेली आणि सगळं पाणी प्यायली.

दादा तिथंच भिंतीला टेकून बसला. मी माझ्या पोलक्यातून कागद काढला आणि म्हटलं, आता तुझी इंजेक्शनं. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर एसटीत बसला.

पाऊस लागायच्या आधी डॉक्टर येऊन तिला पाहून गेले आणि म्हणाले, सोडा. त्याच दिवशी नाकेदार रस्त्यानं जात होता. दादानं त्याला थांबवलं आणि मी अंगणात असतानाच सगळं सांगून टाकलं. नाकेदारानं सायकल टेकवली, कुत्रीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बोडीच्या चिखलात कुत्र्याचे पाय उमटले होते, म्या तवाच पाहिले. कोल्ह्याचा पाय आन् कुत्र्याचा पाय मले वेगळा वळखता येते." मग त्यानं प्यायला पाणी मागितलं. दादाची रोजी चालू राहिली.

सासू त्यानंतर पंधरा वर्षं जगली. पोटरीवरच्या चार खुणा ती येणाऱ्या-जाणाऱ्याला लुगडं वर करून दाखवायची. मला मात्र घशात थोडं दुखलं तरी पुढची दोन वर्षं झोप लागत नसे. कुत्रीला दादानं पुन्हा कोल्ह्यावर पाठवलं नाही. मुलीच्या शाळेसाठी मी गोंदियाला राहायला गेले, त्यानंतरच्या हिवाळ्यात कुत्री गेली, म्हातारी होऊन, धानाच्या तणसाच्या ढिगावर. दादानं कुणाच्या तरी मोबाइलवरून मला फोन केला होता. एवढंच म्हणाला की सकाळी उठवायला गेलो तर उठली नाही, आणि मुलगी कितवीत आहे आता, असं विचारलं.